नेट सगळीकडे चालतंय, पण वायरवरचा प्रिंटर वायफायवरच्या मोबाईलला सापडत नाही (सांगली)

गणित_शिकवणी | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचं जुनं दुमजली घर आहे. खाली पुढच्या खोलीत मी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. २०१९ च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही गेले. तेव्हापासून सासऱ्यांचा नियम आहे, पटकन उचलता येत नाही अशी विजेची वस्तू खाली ठेवायची नाही. त्यामुळे कॉम्प्युटर, लेझर प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर माडीवर आहेत, तिन्ही वायरने जोडलेले.

गेल्या आठवड्यात कनेक्शन बदललं. फायबरवाल्या मुलाने नवा डबा माडीवरच्या मागच्या खोलीत बसवला. त्याचं वायफाय खाली पोचत नाही, भिंती दीड हात जाड आहेत. म्हणून आधी जिन्याच्या वळणावर असलेला आमचा जुना राउटर त्याने शिकवणीच्या खोलीत आणला आणि जिन्यातून वायर ओढून नव्या डब्याला जोडून दिला.

नेट दोन्ही मजल्यांवर छान आहे. पण पूर्वी मी खाली बसून मोबाईलवरून प्रश्नपत्रिका प्रिंटला टाकायची आणि वर कागद निघायचा. आता मोबाईल नुसता प्रिंटर शोधत बसतो. कॉम्प्युटरवरून प्रिंट निघते. माझ्या खालच्या लॅपटॉपवरचं शेअर केलेलं फोल्डर वरच्या कॉम्प्युटरवरून उघडायचं, तेही बंद झालंय. कॅमेरे मात्र मोबाईलवर दिसतात, म्हणजे जोडणी ठीकच असणार ना? मुलाला दोनदा फोन केला. "नेट चालू आहे ना मॅडम?" एवढंच विचारतो. गुरुवारी चाचणी आहे. काय करू?

हळदपेठ | रविवार, रात्री १०:०५

दोन्ही डबे रीसेट करा. मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबायचं. माझं असंच सुटलं होतं.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:१२

ताई, फायबरच्या डब्याला टाचणी अजिबात लावू नका. त्यात कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा असतो. तो पुसला गेला तर आत्ता चालतंय ते नेटही जाईल आणि मग गुरुवारपर्यंत त्या मुलाची वाट बघत बसावं लागेल. हळदपेठ यांचा हेतू चांगला आहे. घरच्या साध्या राउटरला ते चालतं, कंपनीच्या डब्याला नाही.

आता कॅमेऱ्यांचं. ते दिसतात यावरून घरातली जोडणी ठीक आहे असं ठरत नाही. बहुतेक डीव्हीआरचं ॲप कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतं. चित्र वरच्या मजल्यावरून बाहेर जातं आणि बाहेरून तुमच्या मोबाईलवर येतं. बाजारात उभं राहून मोबाईल डेटावर कॅमेरा दिसतो, तो असाच. प्रिंटरला तशी बाहेरची वाट नाही. त्याला घरातल्या घरातच गाठावं लागतं.

कशालाही हात लावायच्या आधी मला पाच आकडे द्या. खालच्या लॅपटॉपवर आणि वरच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा आणि आयपीव्ही४ पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे (नेटकडे जायचं दार, म्हणजे त्या यंत्राच्या राउटरचा पत्ता) लिहून घ्या. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचा कागद छापा, त्यावर त्याचा पत्ता असतो. मग लॅपटॉपवरून प्रिंटरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे "आहेस का?" असं विचारून उत्तर येतं का बघा, आणि वरच्या कॉम्प्युटरवरून लॅपटॉपच्या पत्त्याला. दोन्ही दिशांनी करा, एकच करून थांबू नका. आणि पडद्यावर येईल ते वाक्य जसंच्या तसं इथं लिहा.

गणित_शिकवणी | सोमवार, सकाळी ७:३०

मुलं यायच्या आधी सगळं करून बसले.

लॅपटॉप १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१. कॉम्प्युटर १९२.१६८.१.५, गेटवे १९२.१६८.१.१. प्रिंटर १९२.१६८.१.७.

लॅपटॉपवरून प्रिंटरला पिंग केलं, चारही उत्तरं आली! कॉम्प्युटरवरून लॅपटॉपला केलं, चारही वेळा "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". आता मी जास्तच गोंधळलेय. पोचतंय तर मोबाईलला प्रिंटर दिसत का नाही?

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ८:१०

ताई, तुम्ही निम्मं काम केलंत. तिसरा आकडा बघा. खाली ० आहे, वर १ आहे. म्हणजे घरात एक नेटवर्क नाही, दोन आहेत. त्या मुलाने जिन्यातून आलेली वायर जुन्या राउटरच्या वॅन भोकात घातली आहे, बहुधा निळ्या रंगाचं असेल, बाकी चार पिवळी. वॅनमध्ये वायर घातली की राउटर समजतो, पलीकडे बाहेरचं जग आहे. मग तो आपल्या मागे वेगळं घर मांडतो.

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. दिंडी दरवाजा आहे, देवडीवर माणूस बसलाय. आतला कोणीही बाहेर जाऊ शकतो. देवडीवाला वहीत नोंद करतो की अमका बाहेर गेला, आणि त्याच्या नावाने उत्तर आलं की त्याला आत आणून देतो. पण बाहेरून कोणी नुसताच आला आणि "आत १०३ नंबरच्या खोलीत जायचंय" म्हणाला, तर वहीत नोंद नाही म्हणून त्याला आत सोडत नाही. तुमचा जुना राउटर म्हणजे ही देवडी. या व्यवस्थेला नॅट म्हणतात. लॅपटॉपचं पिंग बाहेर पडून प्रिंटरपर्यंत गेलं आणि उत्तर घेऊन परत आलं. कॉम्प्युटरचं पिंग तर त्या देवडीपर्यंतही पोचलं नाही. कॉम्प्युटरला १९२.१६८.०.१०३ हा पत्ता ओळखीचा नाही, म्हणून त्याने ते पाकीट आपल्या गेटवेला दिलं, फायबरच्या डब्याने ते बाहेर कंपनीकडे ढकललं आणि तिथं ते टाकून दिलं गेलं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना ठिकाणच नसतं.

आता मोबाईल. प्रिंट देताना मोबाईल प्रिंटरचा पत्ता विचारत नाही. तो हाळी देतो, "इथं कोणी प्रिंटर आहे का?" ही हाळी २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर जाते आणि ती फक्त आपल्याच नेटवर्कपुरती असते. राउटर ती पलीकडे नेत नाही. म्हणून पत्ता माहीत असलेलं पिंग पोचतं आणि हाळी पोचत नाही.

मिरजेहून | सोमवार, सकाळी ९:००

मोबाईलच्या प्रिंट ॲपमध्ये १९२.१६८.१.७ हा पत्ता हाताने भरला तर आजच्या आज काम होईल. माझ्याकडे दोन वर्षं असंच चालू आहे.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ९:१५

होय, चाचणीपुरतं बरोबर आहे आणि ताईंनी आज तेच करावं. पण वरून खालच्या लॅपटॉपचं फोल्डर त्याने उघडणार नाही. शिवाय उद्या प्रिंटरचा पत्ता बदलला की पुन्हा तेच. मला तरी घर एकच करणं योग्य वाटतं.

कसं करायचं ते क्रमाने सांगतो. क्रम चुकला तर जे चालतंय तेही बंद पडतं. आधी फायबरच्या डब्यात जा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, पासवर्ड डब्याखालच्या चिकटपट्टीवर असतो. तिथं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारा कारकून, १०० पासून २०० पर्यंतच पत्ते देईल असं करा. मग कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करा, त्यांना नव्या मर्यादेतला पत्ता मिळेल. यामुळे १०० च्या खालचे आकडे आपल्या हातात मोकळे राहतात. मग जुन्या राउटरची जिन्यातली वायर काढून ठेवा. वायर नसताना लॅपटॉपवरून १९२.१६८.०.१ उघडा आणि राउटरचा स्वतःचा लॅन, म्हणजे घराच्या बाजूचा, पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो बंद होऊन चालू होईल. आता १९२.१६८.१.२ ला पुन्हा लॉगिन करा आणि त्याचा डीएचसीपी बंद करा. एका घरात पत्ते वाटणारा एकच हवा. हे झाल्यावरच जिन्यातली वायर निळ्यात नाही, पिवळ्या भोकात घाला. निळं रिकामं राहू द्या. आता तो राउटर राहिला नाही. वायफाय देणारा साधा जोडडबा झाला.

काही नव्या राउटरमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" असं एकच बटण असतं, ते असेल तर एवढा खटाटोप नको.

कुपवाड_एमआयडीसी | सोमवार, दुपारी १:४०

मी वायरिंगची कामं करतो, दोन गोष्टी घालतो. पिवळ्यात वायर घातल्यावर दुसरी एखादी मोकळी वायर दिसली म्हणून तीही त्याच दोन डब्यांमध्ये जोडू नका. एका कारखान्याच्या ऑफिसात झाडलोट करताना निघालेलं टोक कोणीतरी काळजीने परत "जागेवर" लावलं होतं, त्याच स्विचमध्ये. दोन टोकं एकाच ठिकाणी आली की हाळी गोल गोल फिरत राहते आणि प्रत्येक फेरीला वाढते. सगळे दिवे एका लयीत लुकलुकत होते आणि सगळं ऑफिस ठप्प. मला शोधायला दोन तास लागले, कारण प्रत्येक वायर आपापल्या जागी चांगलीच होती.

दुसरं, राउटर जुना असेल तर त्याची भोकं १०० एमबीपीएसची असतील. प्लॅन २०० चा असला तरी खाली ९०-९५ च्या वर वेग दिसणार नाही. तो बिघाड समजू नका. आणि वायर नवी ओढायची झाली तर चारही जोड्या नीट क्रिम्प करून घ्या. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी | सोमवार, रात्री ८:२०

साताऱ्याहून लिहितोय. माझ्याकडे लक्षण अगदी हेच, कारण वेगळं निघालं, म्हणून सांगतो. वीज जाऊन आली की प्रिंटर वायफायला दिसायचा बंद. एकदा कागद छापून बघितला तर त्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. इथल्याच एका जुन्या धाग्यात कळलं, कारकुनाकडून उत्तर आलं नाही की यंत्र स्वतःच असा पत्ता घेतं. माझा प्रिंटर अर्ध्या मिनिटात जागा व्हायचा, फायबरच्या डब्याला तीन मिनिटं लागायची. डबा तयार होईपर्यंत प्रिंटर विचारून विचारून थकलेला. डब्याला छोटा यूपीएस लावला, आता वीज गेली तरी डबा झोपत नाही. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर बघून घ्या, सगळे डबे १२ व्होल्टचे नसतात.

गणित_शिकवणी | सोमवार, रात्री ११:०५

सगळं केलं! सासरे जिन्यात वायर धरून उभे होते. पहिल्यांदा मी डीएचसीपी बंद करायच्या आधीच वायर घालायला निघाले होते, मग कृष्णाकाठ दादांचं वाक्य परत वाचलं आणि थांबले.

खालून मोबाईलवर प्रिंटर लगेच दिसला, आता १९२.१६८.१.१०१ वर. एक पान छापून बघितलं, निघालं. फार बरं वाटलं.

पण अजून एक आहे. माझा मुलगा वरच्या मजल्यावर असतो, त्याचा मोबाईल फायबरच्या डब्याच्याच वायफायवर. त्याला प्रिंटर अजूनही दिसत नाही! प्रिंटर त्याच्या खोलीतच आहे, हात लांब केला तर लागेल. खाली दिसतो आणि शेजारी दिसत नाही, हे कसं?

मिरजेहून | मंगळवार, सकाळी ६:५०

तो ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल. प्रिंटर २.४ चा असतो. २.४ वर आणून बघा.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७:२०

प्रिंटर वायरवर आहे, त्यामुळे २.४ की ५ हा प्रश्नच त्याला लागू नाही. आणि घरच्या डब्यात २.४ आणि ५ ही एकाच ओसरीला उघडणारी दोन दारं असतात, त्यांच्यात भिंत नसते. वायफायवर चालणारा प्रिंटर बसवताना मात्र मिरजेहून म्हणतात ते लागतं, कारण बऱ्याच प्रिंटरना ५ दिसतच नाही.

ताई, लॅपटॉप वर न्या. फायबरच्या डब्याच्या वायफायला जोडा. पत्ता बघा, १९२.१६८.१.१ ला पिंग करा, मग प्रिंटरला पिंग करा. पुन्हा सांगतो, वाक्य जसंच्या तसं हवं.

गणित_शिकवणी | मंगळवार, सकाळी १०:१५

लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.११२. डब्याला पिंग लागतं. प्रिंटरला केलं तर "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल", आणि गंमत म्हणजे ते उत्तर १९२.१६८.१.११२ कडूनच आलं, म्हणजे माझ्याच लॅपटॉपकडून. लॅपटॉपला वायर लावली तर प्रिंटर लगेच सापडतो.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी १०:४०

याच वाक्यासाठी थांबलो होतो. कालचं "टाइम्ड आउट" आणि आजचं "अनरीचेबल" यांत मोठा फरक आहे. काल पाकीट निघालं आणि वाटेत हरवलं. आज ते निघालंच नाही. एकाच नेटवर्कवर पाकीट पाठवायच्या आधी यंत्र विचारतं, "१०१ कोण आहे, तुझा मॅक पत्ता सांग." मॅक पत्ता म्हणजे यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा नंबर, आणि या विचारण्याला एआरपी म्हणतात. लॅपटॉपने विचारलं, कोणीच बोललं नाही, म्हणून लॅपटॉपने स्वतःच तुम्हाला कळवलं की पोचता येत नाही. पत्ते बरोबर, वायर बरोबर, नेट चालू, आणि तरी डब्याच्या आत वायफाय आणि वायर एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे डब्यात कोणीतरी मुद्दाम पडदा टाकलाय.

त्याला आयसोलेशन म्हणतात. लॉजमध्ये, वसतिगृहात हे असायलाच पाहिजे. तिथं एका पाहुण्याच्या मोबाईलला दुसऱ्याचा लॅपटॉप दिसणं वाईट. काही डब्यांत हा पडदा फक्त वायफायवरच्या दोघांमध्ये पडतो, काहींत वायफाय आणि वायर यांच्यातही पडतो. गेस्ट नावाचं वायफाय असेल तर तेही असंच वागतं. मुलगा गेस्टवर नाही ना, ते आधी बघा. नसेल तर डब्याच्या वायफाय सेटिंगमध्ये, प्रगत भागात, आयसोलेशन किंवा एपी आयसोलेशन असा शब्द शोधा. समोर बरोबरची खूण असेल तर काढा आणि सेव्ह करा. २.४ आणि ५ ची पानं वेगळी असतात, दोन्हीकडे बघा.

गणित_शिकवणी | मंगळवार, दुपारी ४:३०

सापडलं! गेस्ट नव्हतं. वायफायच्या प्रगत पानावर "एसएसआयडी आयसोलेशन" होतं, दोन्ही पानांवर खूण केलेली. आम्ही कधी तिथं गेलोच नव्हतो, म्हणजे डबा आला तेव्हापासूनच असणार. काढून सेव्ह केलं, मुलाच्या मोबाईलवर प्रिंटर आला.

आता फक्त फोल्डर उरलं. लॅपटॉप परत खाली नेलाय, पत्ता १९२.१६८.१.११४. वरच्या कॉम्प्युटरवरून पिंग केलं तर पुन्हा "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". आता तर दोघांचे पहिले तीन आकडे सारखे आहेत.

कृष्णाकाठ | मंगळवार, सायंकाळी ६:००

पिंग करून झाल्यावर लगेच त्याच काळ्या खिडकीत एआरपी -ए टाका. यादीत ११४ च्या पुढे सहा जोड्यांचा मॅक पत्ता दिसतो का?

गणित_शिकवणी | मंगळवार, सायंकाळी ६:२५

दिसतो.

कृष्णाकाठ | मंगळवार, सायंकाळी ६:४०

मग राउटरचं काम संपलं, त्याला आता हात लावू नका. लॅपटॉपने "मी इथं आहे" असं उत्तर दिलंय, पण पिंगला दार उघडत नाही. हे विंडोजचं फायरवॉल आहे. तुम्ही खालच्या राउटरची जोडणी बदललीत, त्यामुळे लॅपटॉपचा गेटवे बदलला. विंडोजला वाटलं हे नवंच नेटवर्क आहे, आणि अनोळखी नेटवर्कला ते "पब्लिक" धरतं, स्टँडवरच्या वायफायसारखं. सेटिंगमध्ये वायफायच्या गुणधर्मात जाऊन ते "प्रायव्हेट" करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू आहे का बघा. फायरवॉल पूर्ण बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हा लॅपटॉप घेऊन तुम्ही बाहेरही जात असाल.

हळदपेठ | मंगळवार, रात्री ९:३०

कृष्णाकाठ, मी इतकी वर्षं प्रत्येक वेळी टाचणी लावत आलो. माझ्या गाळ्यात काट्याचा कॉम्प्युटर वायरवर आहे आणि बिलाचा टॅब वायफायवर. आज हा धागा वाचून दोन्हीकडे पत्ते बघितले. तिसरा आकडा वेगळा आहे. उद्या सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी वायर बदलतो. प्रिंटरला कायमचा एकच पत्ता द्यायचा असेल तर कुठं द्यायचा, प्रिंटरमध्ये की डब्यात?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:५५

डब्यात द्या. डीएचसीपीच्या पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथं प्रिंटरचा मॅक आणि हवा तो पत्ता लिहायचा. प्रिंटरमध्येच पत्ता कोरून ठेवला आणि उद्या कनेक्शन बदलून डब्याचा तिसरा आकडा ० झाला, तर प्रिंटर १ मध्येच बसून राहतो आणि कोणालाच सापडत नाही. मोबाईलसाठी मात्र ही युक्ती भरवशाची नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाईल खरा मॅक लपवून प्रत्येक वायफायला वेगळाच सांगतो.

आणि वायर बदलल्यावर निळ्या भोकावर चिकटपट्टी लावा. पुढच्या वेळी कोणी साफसफाई केली की वायर हमखास तिथंच परत जाते.

गणित_शिकवणी | बुधवार, रात्री १०:१०

फोल्डर उघडलं. पब्लिकच होतं. चाचणीच्या ३४ प्रश्नपत्रिका आत्ताच खालून प्रिंटला टाकल्या, वर मुलगा मोजून घेतोय. निळ्या भोकावर पट्टी लावली. सासऱ्यांनी डब्यांचे आणि प्रिंटरचे पत्ते वहीत लिहून वही माडीवरच्या फळीवर ठेवली आहे.

एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी फायबरवाला मुलगा शेजारच्यांकडे आला होता, त्याला मी वर बोलावलं. रागावले नाही, तोही दिवसभर खांबावर चढउतार करतो. त्याला दोन्ही पिंग करून दाखवले. तो म्हणाला, याच महिन्यात अजून दोन घरांतून प्रिंटरची तक्रार आली होती आणि त्याला कारण कळलं नव्हतं. मग त्याने मोबाईल काढला आणि विचारलं, "मॅडम, ती आयसोलेशनची खूण कुठल्या पानावर होती?" मी पान उघडून दिलं, त्याने फोटो काढून घेतला.